शर्यत खरी, कुटुंब रचलेलं : 'द कप विनर' या हरवलेल्या मूकपटाचं प्रकरण

ऑस्ट्रेलियातली मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत मूकपटाच्या काळात बऱ्याचदा पडद्यावर आली, पण त्यातले दोन प्रसंग इथे महत्त्वाचे. पहिल्यांदा १८९६ मध्ये, निव्वळ दृश्यनोंद म्हणून. दुसऱ्यांदा १९११ मध्ये, एका कौटुंबिक नाट्याचा शेवट म्हणून. १८९६ ची छोटी छोटी दृश्यं आजही पाहता येतात. १९११ च्या 'द कप विनर' या चित्रपटाची मात्र एकही प्रत जगात कुठे असल्याची नोंद नाही.

हे उलट व्हायला हवं होतं. नंतरचा चित्रपट जास्त लांबीचा, जास्त प्रतींचा आणि प्रेक्षकांना आवडेल असा घाट घालून बनवलेला. तो ज्या देशात तयार झाला तिथे सिनेमा तोवर रुजलेला होता. तरीही तो गेला, आणि पंधरा वर्षं आधीची पन्नास-पन्नास सेकंदांची चित्रं राहिली. असं का झालं, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. 'नायट्रेटची (म्हणजे जुन्या काळची, सहज पेट घेणारी) फीत होती, जळली असेल किंवा कुजली असेल' हे ठरीव उत्तर इथे अपुरं पडतं, कारण १८९६ ची फीतही नायट्रेटचीच होती.

मुंबईहून गेलेला माणूस

आधी १८९६ कडे बघू, कारण त्या गोष्टीची सुरुवात आपल्या मुंबईच्या काळा घोडा भागात होते. मारियस सेस्तिए हा सिनेमाचं यंत्र काढणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी. ७ जुलै १८९६ रोजी त्याने मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हिंदुस्थानातला पहिला चित्रपट-खेळ केला. तिकीट एक रुपया. पुढे ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांना कॅमेरा घ्यावासा वाटला तो या खेळांमुळे, हे आपण सिनेमाच्या इतिहासात वाचत आलो आहोत. सेस्तिए पुढे कुठे गेला, हे मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

तो ऑस्ट्रेलियाला गेला. सप्टेंबरात सिडनीत त्याचे खेळ सुरू झाले, आणि तिथल्या हेन्री वॉल्टर बार्नेट या नामवंत छायाचित्रकाराशी त्याची भागीदारी जमली. ३ नोव्हेंबर १८९६ रोजी दोघांनी मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर कॅमेरा लावला. त्या वर्षी न्यूहेवन नावाचा घोडा कप जिंकला.

ल्युमिएरच्या यंत्रात एका वेळी सतराएक मीटर फीत बसायची. त्यात साधारण पन्नास सेकंदांचं चित्रण व्हायचं. शर्यत तेव्हा दोन मैलांची होती आणि ती संपायला साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ लागायचा. म्हणजे अख्खी शर्यत टिपणं शक्यच नव्हतं. त्यांनी मग शर्यतीभोवतालचं टिपलं : आगगाडीतून उतरणारी माणसं, हिरवळीवर फिरणाऱ्या बायका, खोगीर चढवायची जागा, शेवटची धाव, जिंकलेला घोडा. काही चित्रांत बार्नेट स्वतः चौकटीत येऊन गर्दीला हातवारे करताना दिसतो. लोकांनी नुसतं कॅमेऱ्याकडे बघत उभं राहू नये, काहीतरी हालचाल करावी, म्हणून त्याची धडपड चाललेली असते.

ही चित्रं वाचली त्याचं मोठं कारण मालकीत आहे. निगेटिव्ह फ्रान्सला गेलं. ल्युमिएर कंपनीने प्रत्येक चित्राला क्रमांक दिला, यादीत नाव घातलं, आणि मूळ फीत एका ठिकाणी, एका कुटुंबाच्या ताब्यात राहिली. मेलबर्नमध्ये दाखवलेल्या प्रतींचं पुढे काहीही झालं असतं तरी मूळ सुरक्षित होतं. 'द कप विनर'च्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट घडली नाही.

१९११ सालचं सिडनी

१९०६ मध्ये मेलबर्नच्या चार्ल्स टेट यांनी 'द स्टोरी ऑफ द केली गँग' हा तासाभराहून मोठा चित्रपट काढला. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्यानंतर पाच वर्षांत ऑस्ट्रेलियात चित्रपटांचं अमाप पीक आलं. १९११ या एका वर्षात तिथे पन्नासच्या आसपास कथापट निघाले. आपल्याकडे तेव्हा दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'च्या तयारीलाही लागलेले नव्हते.

या लाटेत सिडनीला ऑस्ट्रेलियन फोटो-प्ले कंपनी उभी राहिली. स्टॅन्ली क्रिक आणि हर्बर्ट फिनले हे तिच्यामागचे व्यावसायिक. क्रिक पुढे १९४० मध्ये सिडनीचा लॉर्ड मेयर झाला, म्हणजे माणूस उद्योगी आणि दूरवरचं बघणारा होता. दिग्दर्शक म्हणून त्यांनी आल्फ्रेड रोल्फला घेतलं. रोल्फ मुरलेला रंगभूमीवाला. त्याची बायको लिली डँपियर ही आल्फ्रेड डँपियर या नाटककंपनीच्या मालकाची मुलगी. सासऱ्याच्या कंपनीत दरोडेखोरांची, शेतवस्तीची, पळवून नेलेल्या वारसांची मेलोड्रामा नाटकं गावोगाव व्हायची, आणि रोल्फ त्याच वातावरणात तयार झालेला. चित्रपटात आल्यावर त्याने तोच मालमसाला कॅमेऱ्यासमोर मांडला. 'मेट्स फ्रॉम द मरंबिजी', 'व्हॉट विमेन सफर', 'इन द निक ऑफ टाइम' ही त्याच्या त्या काळातल्या चित्रपटांची नावंच पुरेशी बोलकी आहेत. एक संपवून लगेच दुसरा, अशा झपाट्याने तो काम करत होता.

त्यातच 'द कप विनर' निघाला. घोड्यांच्या शर्यतीची पार्श्वभूमी असलेलं हे एका कुटुंबाचं नाट्य होतं, आणि त्याचा कळस म्हणून ७ नोव्हेंबर १९११ ची प्रत्यक्ष मेलबर्न कप शर्यत वापरली होती. त्या दिवशी द पॅरिसियन हा घोडा जिंकला.

कुटुंब आणि शर्यत यांची जोडी रोल्फने शोधून काढलेली नव्हती. इंग्लंडहून आलेला आणि ऑस्ट्रेलियात पत्रकारिता केलेला नॅट गूल्ड शर्यतींच्या कादंबऱ्या लिहून अफाट लोकप्रिय झाला होता. त्याच्या 'द डबल इव्हेंट'वर १९११ मध्येच चित्रपट आला. त्याच सुमारास 'अ टिकेट इन टॅट्स', 'कीन ऑफ कॅल्गुर्ली' आले. रंगभूमीवर ब्लांड होल्टसारखे निर्माते खरे घोडे आणून शर्यतीचे देखावे उभे करत होते. या सगळ्या गोष्टींचा साचा साधारण ठरलेला : घरावर कर्जाचा बोजा, नवरा-बायकोत किंवा बाप-लेकात पडलेलं अंतर, जॉकीला फितवणारा खलनायक, घोड्याला विष घालायचा डाव, आणि शेवटी शर्यतीच्या निकालाने सगळ्यांचा हिशेब चुकता.

पण साचा म्हणून तो मोडीत काढणं मला पटत नाही. मेलबर्न कप ही त्या देशात फक्त श्रीमंतांची करमणूक नव्हती. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात शर्यतीच्या मंगळवारी सार्वजनिक सुट्टी असायची, अजूनही असते. टॅटरसॉलच्या सोडतीचं तिकीट घराघरात घेतलं जायचं. मैदानात कधी पाऊलही न टाकलेल्या बाईच्या डब्यात एखाद्या घोड्याच्या नावाची चिठ्ठी असायची. शर्यतीच्या साडेतीन मिनिटांत एखाद्या घरातलं कर्ज फिटू शकतं किंवा दुप्पट होऊ शकतं, ही प्रेक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट होती. नाट्य कौटुंबिक का, याचं उत्तर त्या चिठ्ठीत आहे.

न झालेल्या शर्यतीवर गोष्ट बांधायची

रोल्फपुढचं काम कसं अवघड होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. त्याला असा चित्रपट हवा होता, की ज्याचा नायक खऱ्या कपात जिंकतो. आणि खरा कप कोण जिंकणार हे शर्यत संपेपर्यंत कुणालाच माहीत नसणार.

मार्ग निघतो तो चित्रभाषेतून. लांबून धावणाऱ्या घोड्यांच्या घोळक्यात एकाही जॉकीचा चेहरा ओळखू येत नाही. त्या काळची फीत लाल रंगाला जवळजवळ काळा दाखवायची आणि निळ्याला फिकट पांढरा. त्यामुळे जॉकीच्या रेशमी डगल्याचा खरा रंगही पडद्यावर कळत नाही, कळते ती फक्त गडद-फिकट छटा. म्हणजे पहिला आलेला घोडा कुठल्याही नावाने खपून जाऊ शकतो. त्याच्या आधी नायक खोगिरावर चढताना जवळून दाखवायचा, मग खरी शर्यत, मग परत नायक. मधला सांधा प्रेक्षकाचं मन आपोआप जोडतं. त्यासाठी एकच पथ्य पाळायचं : शर्यतीनंतर जवळून घ्यायची दृश्यं त्या दिवशीच्या विजेत्याच्या डगल्याच्या छटेला जुळवून घ्यायची.

चित्रपटाचं नावही या दृष्टीने बघा. त्यात कुठल्याही घोड्याचं नाव नाही. 'कप जिंकणारा' हे नाव शर्यतीच्या आधी महिनाभर भिंतीवर चिकटवलं तरी चालतं आणि निकाल काहीही लागला तरी खोटं पडत नाही. हा माझा तर्क आहे, पण ज्याने धंद्याचा विचार करून हे ठरवलं तो पक्का माणूस असणार.

मग मैदानावरचं काम. फ्लेमिंग्टनला दोन मैलांच्या शर्यतीत घोडे मुख्य प्रेक्षागारासमोरून दोनदा जातात, एकदा सुरुवातीनंतर थोड्याच वेळात आणि एकदा शेवटी. एकाच खांबाजवळ उभा असलेला कॅमेरावाला दोन वेळा चित्र घेऊ शकतो, मधला सगळा वेळ मात्र घोडे पार पलीकडे, नदीच्या बाजूला, ठिपक्यांएवढे. शर्यत पूर्ण दाखवायची तर वळणावर दुसरा माणूस हवा, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यावर तिसरा.

कॅमेरा हाताने फिरवायचा. एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. पस्तीस मिलिमीटरच्या फितीत एका फुटाला सोळा चौकटी बसतात. तेव्हा हिशेब सोपा : सेकंदाला एक फूट. साडेतीन मिनिटांची शर्यत म्हणजे दोनशे दहा फूट फीत. १९११ पर्यंत कॅमेऱ्यांना याहून मोठ्या पेट्या आलेल्या होत्या, त्यामुळे सेस्तिएला जे जमलं नव्हतं ते आता जमण्यासारखं होतं. पण हात थरथरला, घोडे अंगावर आल्याच्या भरात फेरा जलद झाला, की पडद्यावर घोडे मंदावणार. दुसरी खेप नाही. नाटकातला प्रवेश पुन्हा घेता येतो, मेलबर्न कप पुन्हा पळवता येत नाही.

आणि कंपनी सिडनीची, शर्यत मेलबर्नची. दोन शहरांत नऊशे किलोमीटरच्या आसपास अंतर. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांच्या रेल्वेची रुंदी वेगवेगळी होती, त्यामुळे सरहद्दीवर ऑल्बरीला गाडी बदलावी लागायची. अंगावर कॅमेरे, तिवया आणि कोऱ्या फितीचे डबे घेऊन रात्रीच्या वेळी फलाटावरून फलाटावर जाणारी माणसं डोळ्यांसमोर आणली, म्हणजे या चित्रपटामागचे कष्ट कळतात. सिनेमाच्या इतिहासात अशा माणसांची नावं फार कमी येतात.

पुढच्या नोव्हेंबरात त्याला कोण विचारणार

'द कप विनर'चं आकर्षण दोन गोष्टींचं होतं. एक म्हणजे कुटुंबाची गोष्ट, दुसरी म्हणजे ताजी शर्यत. त्या काळी शर्यतीचा निकाल तारेने कळायचा, वर्तमानपत्रात वर्णन यायचं, पण शर्यत 'दिसायची' ती फक्त मैदानावर गेलेल्यांना. दूरच्या गावातल्या माणसाला ती पडद्यावर दिसणं ही मोठीच बाब होती. तिकीट खपायचं त्यावर.

आणि इथेच त्याचा अंत ठरून गेला, असं माझं म्हणणं आहे. बातमीसारखी खपलेली वस्तू बातमीसारखीच शिळी होते. १९१२ चा कप आला की १९११ ची शर्यत बघायला कोण येणार? निव्वळ कौटुंबिक नाट्य असतं तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा फिरवता आलं असतं. निव्वळ शर्यतीचं चित्रण असतं तर कुणी शर्यतशौकिनाने किंवा क्लबाने आठवण म्हणून ठेवलं असतं. हा दोन्हींचा संगम होता, म्हणून तो दोन्ही बाजूंनी निराधार झाला. जुन्या नाट्याला नवा कप खाऊन टाकणार, आणि शर्यतीची नोंद म्हणून जपायला जावं तर तिच्यात खोटा जॉकी घुसवलेला.

कंपनीचंही तेच झालं. १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियन चित्रपटधंद्यात विलीनीकरणांची लाट आली, आणि १९१३ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलेशियन फिल्म्स आणि युनियन थिएटर्स अशी जोडगोळी तयार झाली. वितरण एकीकडे, चित्रपटगृहं दुसरीकडे, मालक तेच. लोक तिला 'कम्बाइन' म्हणायचे. ऑस्ट्रेलियन फोटो-प्ले कंपनी या घडामोडीत गिळली गेली. परदेशातून तयार चित्रपट आणणं स्वस्त पडत होतं, त्यामुळे नव्या मालकांना देशी निर्मितीत रस नव्हता. दरोडेखोरांच्या चित्रपटांवर न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी १९१२ मध्ये बंदी घातली, तेव्हा सगळ्यात हमखास चालणारा प्रकारही हातचा गेला. १९११ ला पन्नासच्या घरात असलेली निर्मिती झपाट्याने घसरली.

विलीनीकरणात जुन्या चित्रपटांचं निगेटिव्ह म्हणजे अडगळ. ते ठेवायला जागा लागते, जागेला भाडं लागतं, आणि नायट्रेट असल्यामुळे विमेवाला नाक मुरडतो. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यातही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू त्याच्या पोटातच असतो. पेटलं नाही तरी ते आतून नासत जातं. आधी चित्र फिकं पडतं, मग पृष्ठभाग चिकट होतो, बुडबुडे येतात, गुंडाळीचे थर एकमेकांना धरून बसतात, आणि शेवटी डबा उघडला की तपकिरी भुकटी. शिवाय फितीत चांदी असते. जुन्या फिती विकत घेऊन चांदी काढणारे लोक होते, त्यांना वजनाचा भाव पुरायचा.

उरल्या प्रती. त्या एकेका गावातून पुढच्या गावात जाता जाता झिजायच्या. फितीच्या कडेची भोकं फाटायची, फाटलेला भाग कापून जोडायचा, दर जोडणीत काही चौकटी कमी. आपल्या जत्रेतल्या तंबूवाल्यांनी हे सगळं पुढे अनुभवलंच. शेवटच्या गावाला पोचेपर्यंत प्रतीचा जीव गेलेला असायचा.

रोल्फच्या बाबतीत हा एकच चित्रपट गेला असं नाही. १९११-१२ मधलं त्याचं जवळजवळ सगळं काम गेलं. १९१५ च्या 'द हीरो ऑफ द दार्दानेल्स'चा काही भाग उरला आहे, तो युद्धाशी जोडलेला असल्यामुळे. ऑस्ट्रेलियात मूकपटाच्या काळात सुमारे अडीचशे कथापट निघाले, त्यातले पन्नासएकच पूर्ण किंवा तुकड्यांनी हाताशी आहेत. 'केली गँग'सारख्या प्रख्यात चित्रपटाचीसुद्धा आता सतरा-अठरा मिनिटंच उरली आहेत, आणि तीही वेगवेगळ्या ठिकाणी सापडलेले तुकडे जोडून.

आपल्या घरातलं

महाराष्ट्राला या प्रकरणाकडे परक्याचं म्हणून बघता येत नाही. हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, आणि त्यातले तीसही आज धड उरलेले नाहीत. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळंच आहेत, तीही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी चिकाटीने मिळवली म्हणून. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' हे तर थेट कौटुंबिक नाट्य : १९२५ साल, कोल्हापूर, सावकाराच्या कर्जात बुडणारं शेतकरी घर, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. तो मूकपट गेला. १९३६ मध्ये पेंटरांनीच केलेली बोलकी आवृत्ती ही वेगळी गोष्ट.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि जपून ठेवलेलंही गेलं. म्हणजे एखादी गोष्ट संग्रहात पोचली की सुटली, असंही म्हणता येत नाही. नायट्रेटची प्रत मिळाल्याबरोबर तिची सुरक्षित फितीवर नक्कल करणं, हे पहिल्या आठवड्याचं काम असायला हवं. पैसा आला की करू म्हणून ठेवायचं ते नव्हे.

सेस्तिएने मुंबईत दाखवलेले चित्रपट आज आहेत आणि आपल्या पहिल्या पिढीने काढलेले बहुतेक नाहीत, याचं कारणही तेच : फ्रान्समध्ये एका घराच्या हातात मूळ होतं. आपल्याकडे कंपनी मोडली की रिळं भागीदारांत, देणेकऱ्यांत, भाड्याच्या खोलीत विखुरली.

शोध कुठे घ्यावा

हरवलेले चित्रपट सापडतात ते बहुधा आपल्या गावात नाही, परगावी. कॅनडाच्या डॉसन सिटीत १९७८ मध्ये जमिनीखालून पाचशेहून अधिक रिळं निघाली. चित्रपट फिरत फिरत त्या टोकाला पोचायचे आणि परत पाठवायचा खर्च परवडत नसल्यामुळे तिथेच राहायचे. न्यूझीलंडच्या संग्रहात २०१० मध्ये अमेरिकेचे हरवलेले मूकपट सापडले, त्यात जॉन फोर्डचा १९२७ चा 'अपस्ट्रीम' होता. आणि ऑस्ट्रेलियाच्या 'द सेंटिमेंटल ब्लोक' या १९१९ च्या अभिजात चित्रपटाचं निगेटिव्ह अमेरिकेत रोचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये होतं, डब्यावर 'द सेंटिमेंटल ब्लाँड' असं चुकीचं नाव लिहून. वर्षानुवर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

या शेवटच्या उदाहरणावरून 'द कप विनर'साठी एक दिशा मिळते, आणि माझ्या मते तीच सर्वांत आशेची आहे. हा चित्रपट नाट्यपटांच्या यादीत शोधण्याआधी वृत्तचित्रांच्या डब्यांत शोधावा. कौटुंबिक प्रवेश शिळे झाल्यावर एखाद्या खेळवाल्याने नुसती शर्यत कापून 'जुना मेलबर्न कप' म्हणून पुढे दोन-चार वर्षं दाखवली असेल, तर ती फीत आज 'अनोळखी घोडदौड' किंवा 'ऑस्ट्रेलिया, शर्यत, सुमारे १९१०' अशा नावाखाली कुठेतरी पडलेली असू शकते. इंग्लंड, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, आणि हो, मुंबई-कोलकात्याच्या जुन्या वितरकांची गोदामंसुद्धा. ब्रिटिश साम्राज्यात शर्यतीचं चित्र सगळीकडे विकलं जात होतं, आणि महालक्ष्मी व पुण्याच्या मैदानांमुळे आपल्याकडेही त्याला गिऱ्हाईक होतं.

अशी फीत समोर आली तर ओळखायची कशी? कडेवरच्या खुणांचा उपयोग नाही. कोडॅकने फितीच्या कडेला वर्ष सांगणाऱ्या खुणा छापायला सुरुवात केली ती १९१६ पासून, त्यामुळे तशी खूण आढळली तर उलट ही नंतरची प्रत आहे एवढंच कळेल. बघायचं ते चित्रात. फ्लेमिंग्टनच्या प्रेक्षागारांची ठेवण सालागणिक बदलत गेली, जुन्या छायाचित्रांशी ती ताडता येते. बायकांच्या टोप्या १९११ च्या सुमाराला प्रचंड रुंद होत्या, १९१४ नंतर आकसल्या. शर्यत संपल्यावर फलकावर लागणारे क्रमांक चौकटीत आले असतील तर त्या दिवशीच्या शर्यतपुस्तिकेशी जुळवून पाहता येतील, आणि पहिला क्रमांक द पॅरिसियनचा निघाला की साल पक्कं. उरतो तो सर्वांत नाजूक पुरावा : शर्यतीच्या आधी किंवा नंतर जोडलेल्या दोन-चार फुटांत एखादा जॉकी वाजवीपेक्षा जवळून दिसतो का, तो कॅमेऱ्याकडे न बघता कुणाशी तरी बोलतो आहे का, त्याच्या डगल्याची छटा विजेत्याशी जुळते का. खरा जॉकी कॅमेऱ्याकडे बघतोच, नट बघत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं ट्रोव्ह या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली केली आहेत, घरबसल्या तारखेनुसार चाळता येतात. १९११ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातल्या गावोगावच्या जाहिराती एकत्र करून चित्रपट कुठल्या क्रमाने कुठे गेला याचा नकाशा मांडता येईल. तो नकाशा जिथे थांबतो, म्हणजे ज्या गावानंतर पुढच्या गावाची जाहिरात सापडत नाही, तिथल्या जुन्या सभागृहांच्या आणि खेळवाल्यांच्या वारसांकडे चौकशीची पहिली पत्रं जायला हवीत. कॅनबेराच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहाचं काम हेच आहे. आणि आपल्याकडे कुणाच्या माळ्यावर जुन्या टूरिंग टॉकीजचे गंजके डबे असतील, तर ते उन्हात नेऊन उघडू नयेत, हलवू नयेत, तसेच थंड सावलीत ठेवून पुण्याच्या संग्रहालयाला कळवावं.